तिनं 'अवं' म्हटलं ते मला

सुकुमार, तू गेलास आणि आपलं भांडण अर्धंच राहिलं. आता मी एकट्यानं किती भांडू? समोरच्यानं उलटं बोलल्याशिवाय भांडणाला चव येत नाही, आणि उलटं बोलण्यात तू एक नंबर होतास.

तुझ्या पिक्चरच्या क्लबातली पोरं घरी आलती. तुझ्या नावानं छोटं पुस्तक काढणार म्हणाली. "तात्या, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने लाईटवाले. चार ओळी लिहा. चांगल्या आठवणी लिहा." मी म्हटलं, नुसत्या चांगल्या पाहिजे असतील तर दुसरीकडं जावा, मी हाय त्या लिवणार. पोरं हसली. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करालाय. गंमत न्हाई मर्दा. माझी शाळा चौथीत सुटली, जमेल तेवढं शुद्ध लिहितो. मधे आपली भाषा आली तर येऊ दे. तुला कळल्याशी कारण.

माझी सकाळ शाहूपुरीत, गुळाच्या व्यापाऱ्याकडं हमालीत जायची. लग्नसराईत संध्याकाळ तुझी. राजारामपुरीतल्या बोळात तुझं दुकान, बाहेर पाटी, आत तू आणि तुझा खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा. मला तू काम दिलंस ते साधंच. काठीला बांधलेला हॅलोजन उचलून धरायचा, तू जिकडं फिरशील तिकडं फिरवायचा. उन्हाळ्यात मांडवात आधीच भट्टी, त्यात तो दिवा कानाजवळ. बायका ओरडायच्या, "ए लाईटवाल्या, डोळ्यात मारू नगंस की!" आणि नवरीची मावशी म्हणायची, "आमच्याकडं बी मार की जरा, आमी काय मानसं न्हाई व्हय?" सगळ्यांना उजेड पाहिजे, पण धरणारा नको.

पहिल्याच लग्नात तू मला सांगितलंस, "तात्या, एकच ध्यानात ठेवा. लाईटवाल्यानं फ्रेममधी यायचं न्हाई." मी ध्यानात ठेवलं. एका कॅसेटमध्ये चुकून माझी कोपर आली, तर तू दुकानात चार लोकांसमोर ती थांबवून दाखवलीस. "ही बघा तात्यांची कोपर. नवरीपेक्षा उजळ दिसाल्या." मी पण हसलो. तेव्हा आपल्यात हसण्यासारखं होतं.

तू जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस. लग्नाची जेवणं अंधार पडल्यावर सुरू. मग मी उजेड धरायचो तसाच सूर्यावरही डोळा ठेवायचो. "सुकुमार, चालला बघ," म्हटलं की तू माझ्या हातात कॅमेरा देऊन आचाऱ्याकडं पळायचास. भटारखान्यात उभ्या उभ्या दोन घास घेऊन तोंड पुसत परत. आमच्या घरी आलास तर हौसाचं वेगळंच चालायचं. माझी बायको मला वेळेवर भाकरी देईल न देईल, पण तुझं ताट उजेडी वाढून तयार. चातुर्मासात तुझी भाजी कांदा-लसूण न घालता वेगळ्या कढईत. मी म्हणायचो, "हा काय तुझा सख्खा दीर लागून गेलाय?" ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा बरा हाय. खाल्ल्यावर चांगलं झालंय म्हणून सांगतोय तरी."

मग तुझ्याकडं तो मुठीत मावणारा कॅमेरा आला. डिजिटल. त्याच्यामागनं कॉम्प्युटर आला. तू चार दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलास. बाहेर आलास तर डोळे लाल आणि तोंडावर चोरी पचल्यासारखं हसू. नवरीचं तोंड गुलाबाच्या फुलात. नवरा-नवरी बर्फाच्या डोंगरावर उभी, आणि खरं लग्न झालेलं कबनूरच्या शाळेच्या मैदानात.

कबनूरचंच एक लग्न माझ्या डोक्यातनं जात नाही. तुझ्या मावसभावाचं. त्याचे आजोबा लग्नाच्या तोंडावर वारले होते. तू काय केलंस, जुन्या लग्नाच्या कॅसेटमधनं आजोबा काढलेस. तांबडा फेटा, हातात अक्षता. आणि ह्या लग्नात नातवाच्या मागं आणून उभे केलेस. घरच्यांनी टीव्हीवर बघितलं तर आजोबा नातवावर अक्षता टाकालेत! आणि आजोबांची ती म्हातारी, तिनं काय केलं आठवतं? तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. नवरा समोर आला म्हणून.

परत येताना गाडीवर मी तुला म्हटलं, "लेका, तू तर मेलेल्या मानसाला लग्नात जेवायला बसवशील." तू गाडी चालवत मोठ्यानं म्हणालास, "तात्या, ह्या डब्यात कोण मरत न्हाई!"

हे वाक्य मी विसरलो नाही. तू विसरलास.

पुढं तू लग्नं सोडलीस. आपले पिक्चर काढायचे म्हणालास. नट नको, गाणी नको, कोण निर्माता नको. तुझ्या वडलांचे कबनूरला माग होते, तिथं जाऊन तू मागावर कॅमेरा लावलास. लाईट जाईपर्यंत नुसती खटखट, आणि लाईट गेल्यावर नुसतं गप्प. तुझे वडील मला म्हणाले, "पावणं, ह्याला जरा सांगा की. मागाचा आवाज ऐकायला कोण येणार हाय? हितं आमास्नी तो बंद झाला की बरं वाटतंय." मी काय सांगणार? मलाच तो आवडला होता. सिटी बसच्या पायरीजवळ कॅमेरा ठेवून तू नुसते पाय काढलेस, ते पण मी तुझ्यासोबत चारदा बघितलं. पायांवरनं माणूस ओळखायचा खेळ आपण करायचो. मी तुझ्या प्रयोगांना हसलो असेन, पण आडवा आलो नाही. हे तुझ्या क्लबातल्या पोरांनी पण वाचावं म्हणून लिहितोय.

म्हणून तू आमच्या परड्यात कॅमेरा घेऊन आलास तेव्हा मी खूश होतो. उन्हाळा होता. हौसा चटणीच्या मिरच्यांची देठं खुडत पाटावर बसली होती, बाजूला सूप, पुढं मिरच्यांचा ढीग. तू मांडवातली लोखंडी घडीची खुर्ची मागवलीस, तिच्या समोर थोडी तिरकी ठेवलीस आणि मला म्हणालास, "बसा तात्या."

मी म्हटलं, "लाईट कोण धरणार?"

"लाईट लागत न्हाई ह्याला. ऊन हाय की. तुमी नुसतं बसायचं. रोज बसता तसं."

सुकुमार, किती लग्नं झाली आपली, आणि मी पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला आलो. मी आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आलो. हौसा म्हणाली, "मिरच्या खुडायला नवरदेव आलाय बगा." तू तिच्या पदराला तो छोटा माईक लावलास, कॅमेरा स्टँडवर पक्का केलास आणि बाजूला झालास. आम्ही बोललो ते रोजचंच. ती म्हणाली, "अवं, पावसाच्या आधी पत्रा बघून घ्या की." मी म्हटलं, "बघतो." "कवा?" "उद्या." "तुमचा उद्या कॅलेंडरात न्हाई." मिरचीचा खकाणा उठला, मला शिंका सुटल्या, ती हसायला लागली. "मिरच्या मी खुडालोय आन् शिंका तुमास्नी!" तिनं मला चहाची कपबशी दिली. नंतर ऊन तोंडावर आलं म्हणून मी डोळे मिटले, तर ती म्हणाली, "अवं, झोपलासा काय?"

एवढंच. मग तू मला उठायला सांगितलंस आणि रिकाम्या खुर्चीचं पण थोडं शूटिंग घेतलंस. मी विचारलं, "हे कशाला?" तू म्हणालास, "टेस्ट हाय." मी विश्वास ठेवला. तुझ्यावर न ठेवायचं मला कधी कारण नव्हतं.

हॉलात पिक्चर दाखवलास त्या दिवशी हौसा ठेवणीतलं इरकल नेसून आली. आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलंस. अंधार झाला. परडं दिसलं, हौसा दिसली, मिरच्या दिसल्या. खुर्ची दिसली. खुर्चीत कोण नाही.

मला आधी वाटलं मशीन बिघडलं. हौसा पडद्यावर म्हणाली, "अवं, पावसाच्या आधी पत्रा बघून घ्या की," आणि खुर्ची गप्प. माझा "बघतो" नाही. नुसता रस्त्यावरच्या सायकलीचा आवाज. मी शिंकलो तिथं शिंक नाही, आणि ती येड्यागत आपली आपण हसालीय. मग चहा. ती कपबशी पुढं करते, हात खुर्चीकडं येतो, आणि मधेच, हवेत, तिची बोटं नाहीशी होतात. मग मनगट नाहीसं. मग हात परत येतो, मोकळा. कॅमेरा स्टँडवर हललेला नव्हता, त्यामुळं तुला सोपं गेलं, हे मला नंतर कळलं. एक बाजू तिची ठेवलीस, दुसऱ्या बाजूला रिकाम्या खुर्चीची टेस्ट चिकटवलीस. मधल्या रेषेवर तिचा हात कापला गेला. माझ्यापर्यंत पोचायच्या आत. त्या हात कापण्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हौसानं अंधारात माझं मनगट धरलं. "अवं, तुमी कुठाय वो?" म्हणाली. मी म्हटलं, "हितंच हाय की." तिनं सोडलं नाही, पिक्चर संपेपर्यंत.

बाहेर एक दाढीवाले सर तिच्याजवळ आले. हात जोडून म्हणाले, "आजी, आजोबांना जाऊन किती वर्षं झाली?" मी शेजारी उभा! हौसा म्हणाली, "हे काय, हितं उभं हायत की!" त्या सरांनी डोळे मिटले. म्हणाले, "खरंय. ते कायम सोबतच असतात." आणि मला ओलांडून चहा घ्यायला गेले.

आता लिहिताना हसायला येतंय. तेव्हा आलं नव्हतं.

तू घरी आलास तेव्हा हौसा चिडली नाही, हे ध्यानात ठेव. मी चिडलो. तिनं तुझ्यापुढं ताट ठेवलं, सूर्य होता तोपर्यंत तुला जेवू दिलं, आणि मग म्हणाली, "सुकुमारभावजी, ह्यास्नी परत बसवा तितं. जित्या मानसाची खुर्ची अशी रिकामी दावू ने. माझ्या कपाळाला कुंकू हाय."

तू काय म्हणालास? "बसवतो की वैनी. मूळ शूटिंग हाय माझ्याजवळ, जसंच्या तसं. हा नुसता प्रयोग हाय."

प्रयोग. ह्या शब्दाला ती घाबरायची नाही, कारण तू मागाचे प्रयोग केलेस, पायांचे केलेस. तिला वाटलं प्रयोग म्हणजे उद्या पुसून टाकायची गोष्ट.

मला मात्र तू दारात गाडीला किक मारता मारता खरं बोललास. "तात्या, खरं सांगू? वैनींनी एकदा जरी तुमचं नाव घेतलं असतं, तर मला तुमास्नी काढता आलं नसतं. पण त्या नुसतं 'अवं' म्हणत्यात. अवं कुणालाबी चालतंय. असलेल्याला, नसलेल्याला. हेच तर मला बघायचं हुतं."

मी म्हटलं, "कुणालाबी चालत न्हाई खुळ्या. गल्लीत जाऊन अवं म्हण, निम्मी गल्ली मागं वळून बघंल. पण हौसाच्या अवंला एकच माणूस वळतोय."

"बघणाऱ्याला कळतंय की तात्या, खुर्चीत कोणतरी हाय."

"कळतंय न्हवं? मग दाव की!"

तू हसलास आणि गेलास. ह्या भांडणाचा पहिला दिवस तो.

पिक्चर पुढं गावोगाव गेला. बाहेरच्या देशात गेला, तुला बक्षीस मिळालं, तू पेढे घेऊन आलास. हौसानं पेढा घेतला आणि विचारलं, "झालं का आमचं काम?" तू म्हणालास, "जरा मोकळा झालो की." पेपरात छापून आलं ते शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं. विधवेचा एकांत. आणि पुढं, ही बाई नवरा गेल्यावरही कुंकू पुसायला नकार देते, हे तिचं बंड आहे. पोरगी वाचता वाचता थांबली. हौसा म्हणाली, "वाच की, थांबलीस कशाला?" दुसऱ्या दिवसापासनं तिनं कुंकू मोठं लावायला सुरुवात केली. रुपयाएवढं. बाजारात जाताना, दवाखान्यात जाताना, शेवटच्या आजारात अंथरुणावर पडून सुद्धा, तोंड धुतलं की आधी आरसा मागायची. तू येऊन तिच्या उशाला बसायचास. ते कुंकू तुला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसणं हाच तुझा धंदा.

तरी ती दर वेळी विचारायची, "बसवलं का ह्यास्नी?" आणि तू दर वेळी, "बसवतो की वैनी."

ती गेली. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर मळवट. बायका म्हणाल्या, अहेव गेली, भाग्याची. तू माझ्याबरोबर चालत होतास. त्या दिवशी तू कॅमेरा आणला नाहीस. तुझे हात मोकळे मी पहिल्यांदाच बघितले, आणि त्यातल्या एका हातानं तू माझा दंड धरला होतास. चितेला अग्नी देताना तू मागनं आधार दिलास. हे मी मोजून बाजूला ठेवलंय. ह्यातलं काही मी खोडणार नाही. महिनाभर तुझ्या बायकोच्या, सुनंदाच्या हातचा डबा घेऊन तू उजेडी यायचास, माझ्यासमोर बसून आपण दोघं जेवायचो. दिवस मावळायच्या आत जेवायची सवय मला त्यातनं लागली, ती अजून आहे.

मग एक दिवस मीच विचारलं. ती विचारायची तसंच. "बसवलंस का मला?"

तू भाकरीचा तुकडा खाली ठेवलास. म्हणालास, "तात्या, आता कशाला? बघणारी गेली की."

"मी हाय की!"

तू पाण्याचा तांब्या पुढं ओढलास.

"तू कबनूरच्या म्हाताऱ्याला मेल्यावर लग्नात आणलास. मी जिता असताना मला बायकोशेजारनं उठवलंस. तिला रांडव करून गावोगाव फिरवलंस, आणि आता म्हणतोस कशाला?"

"आता बसवलं तर खोटं दिसंल."

"आन् काढलास तवा खरं हुतं व्हय?"

तू उठलास. चपला घालताना तुला अंगठा सापडत नव्हता. मी ओरडलो, "परत दारात येऊ नगंस." म्हटलं ते म्हटलं. मेल्या माणसाबद्दल लिहितोय म्हणून मी ते मागं घेणार नाही. तू आला नाहीस. मला वाटलं होतं येशील, गाडीचा हॉर्न वाजवशील आणि उलटं काहीतरी बोलशील. त्याऐवजी तू गेल्याचा निरोप आला.

सुनंदाला भेटायला गेलो. तिच्याकडं बघून मला माझंच तोंड बघितल्यासारखं झालं. मग मी म्हटलं, "पोरी, आज विचारू ने, पण विचारतो. ते मूळ शूटिंग तेवढं मला दे. त्याच्या क्लबातल्या पोरांकडनं मी बसवून घेतो."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तात्या, ते न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"डिस्क भरलीती. त्यांनी पुसली आनि त्यावर दुसरं शूटिंग घेतलं. नुसता तयार पिक्चर राहिला."

"कवा?"

"हॉलात दाखवायच्या बी आधी."

सुकुमार, मी तिथंच भिंतीला पाठ लावून बसलो. म्हणजे हौसानं तुझ्यापुढं ताट ठेवून मागणं मागितलं, तेव्हाच तुझ्याजवळ मी नव्हतो. तरी तू म्हणालास, जसंच्या तसं हाय. पेढे आणलेस तेव्हा नव्हतो. तिच्या उशाशी बसलास तेव्हा नव्हतो. मला काढलंस ते एक वेळ सोडतो, तुझं डोकंच तसलं होतं. पण ती बाई मरेपर्यंत वाट बघत राहिली आणि तू तिला वाट बघू दिलीस. तिच्या हातचं खाऊन.

सुनंदा रडत म्हणाली, "त्यांनी लई धडपड केली वो तात्या. लग्नाच्या सगळ्या जुन्या कॅसेटी काढल्यात्या. रात रात बघायचे. म्हणायचे, कुठं तरी तात्या बसलेले घावतील, तितनं उचलतो आनि खुर्चीत ठेवतो. पण तुमी कुठंच न्हाई. एका कॅसेटात नुसती कोपर."

लाईटवाल्यानं फ्रेममधी यायचं न्हाई.

मी हसलो काय रडलो मला सांगता येत नाही. एवढ्या लग्नांत मी तुझं ऐकलं, म्हणून तुला मी सापडलो नाही. कोपर घेऊन काय करणार होतास? खुर्चीच्या दांडीवर ठेवणार होतास?

पण मर्दा, एक मला सांग. मी जिता होतो. परडं होतं, ती खुर्ची आमच्याच घरात पडून होती, तू डेकोरेटरला परत पण दिली नव्हतीस. तू नुसतं म्हणायचं होतंस, तात्या, बसा. मी सदरा घालून बसलो असतो. तुझा कॅमेरा होता, माझं ढुंगण होतं, ह्यापेक्षा जास्त काय लागत होतं? पण मग आधी खरं सांगावं लागलं असतं, पुसलं म्हणून. ते तुझ्या तोंडातनं निघालं नाही. कॅसेटींच्या ढिगात मला हुडकत बसणं तुला सोपं वाटलं, चार गल्ल्या ओलांडून माझ्याकडं येण्यापेक्षा.

म्हणून पोरांनी वाट बघू नये. मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. केलेलं नाही.

आता शोकसभेचं. लोकांनी तुझ्या सुनंदाला काय काय सांगितलं असेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला वगैरे. झालं ते असं.

तोच हॉल. पुढं तुझा फोटो, हार. मोठी माणसं बोलली. तू नव्या वाटेचा माणूस, यंव आणि त्यंव. मग पोरं म्हणाली, आता त्यांचा गाजलेला पिक्चर दाखवतो. एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तात्या, तुम्हाला त्रास होईल का? बाहेर बसता का?" मी म्हटलं, लाव तू.

अंधार झाला. परडं आलं. हौसा आली. रुपयाएवढं नाही, जुनं, बारकं कुंकू. मिरच्या. ती खुर्ची.

"अवं, पावसाच्या आधी पत्रा बघून घ्या की."

आणि मग ती मोकळी जागा. सायकलचा आवाज. पहिल्या वेळी मला त्या जागेत काय दिसलं नव्हतं, रागानं कान बंद झाले होते. ह्या वेळी ऐकलं. तू माझा आवाज पुसलास, पण मी बोललो होतो तेवढा वेळ तसाच ठेवलास. कापून आखूड केला नाहीस. दुसऱ्या कशानं भरला नाहीस. तिथं मला बरोबर बसता येत होतं.

"बघतो," मी म्हटलं.

पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली.

"कवा?" हौसा म्हणाली.

"उद्या."

"तुमचा उद्या कॅलेंडरात न्हाई."

लोक हसले, सुकुमार. तुझ्या ह्या पिक्चरला कधी कोण हसलं होतं का? सगळीकडं डोळे पुसून घरी गेलेले लोक. इथं हसले, कारण तो विनोद होता. तिनं मारलेला. मागनं कोणतरी "श्श्" केलं. पुढनं सुनंदाचा आवाज आला, "बोलू दे त्यास्नी."

शिंक काही मला आणता आली नाही. ती हसली तेव्हा मी नुसता नाकाला हात लावला. चहाच्या वेळी तिचा हात पुढं आला आणि तुझ्या त्या रेषेवर कापला गेला, तेव्हा माझा हात आपोआप उचलला गेला. मी तो दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला. तिथपर्यंत मला जाता येत नाही. ते तू कायमचं केलंस, आणि त्यासाठी मी तुला कायम शिव्या देणार.

मग तिच्या हातावर ऊन आलं. तिनं मान वर करून खुर्चीकडं बघितलं. जगभरच्या लोकांनी बघितलं तसं, रिकाम्या खुर्चीकडं.

"अवं, झोपलासा काय?"

"न्हाई गं," मी म्हटलं. "जागा हाय."

तिनं ऐकून घेतलं, आणि पुढची मिरची उचलली.